चांदीची फूटपट्टी आणि सागवानाची जहाजं

जेद्दात राहणाऱ्या मंडळींनी अल-बलद पाहिलेलं असतंच. पाहुणे आले की कॉर्निश, मग अल-बलद हा आपला ठरलेला दौरा. २०१४ साली युनेस्कोने या जुन्या वस्तीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून तर फोटो काढणाऱ्यांची गर्दीच असते. तिथल्या घरांना पुढे आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात, त्यांना रोशन म्हणतात. आपण खाली उभं राहून माना वर करून त्या बघतो, पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या वाळवंटी देशात एवढं लाकूड आलं कुठून? तर त्यातलं बरंचसं सागवान समुद्रमार्गे हिंदुस्थानातून आणि त्याच्याही पूर्वेकडून आलेलं. म्हणजे आपण इथे यायच्या कितीतरी आधी आपल्याकडचा साग इथे येऊन स्थायिक झाला होता!

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं माझं सुतारकाम. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला मध्येच हाताने काहीतरी करावंसं वाटतं. मुलीच्या पुस्तकांसाठी एक छोटी मांडणी करावी असं मी ठरवलं आणि बाजारातून स्वस्तातली एक करवत घेऊन आलो. पेन्सिलीने रेघ मारली, करवत चालवली, आणि करवत रेघ सोडून आपल्या मनाप्रमाणे चालू लागली. सांधा असा काही बसला की फटीतून पलीकडची भिंत दिसायची. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या एका केरळी सुतारमामांनी ते पाहिलं, करवत हातात घेऊन डोळ्यासमोर आडवी धरली, दातांवरून नजर फिरवली आणि हसले. तुमचा हात वाईट नाही, करवत वाईट आहे, असा त्यांचा निकाल. मग त्यांनी मला करवत कशी पारखायची ते शिकवलं. त्याबद्दल पुढे सांगतोच. पण त्या निमित्ताने करवत, साग आणि सांधा यांच्याबद्दल वाचताना ज्या माणसाची गाठ पडली, त्याची गोष्ट या अंकात सांगावी असं वाटलं. त्याचं नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजी म्हटलं की आपल्याला टाटा आठवतात, नाहीतर जे. जे. हॉस्पिटलवाले जीजीभॉय आठवतात. हे तिसरे जमशेटजी त्या दोघांच्याही आधीचे. धंद्याने सुतार, जहाजाचे सुतार. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा.

गोष्ट सुरू होते त्यांच्या आजोबांपासून. लवजी नसरवानजी हे सुरतेच्या गोदीत सुतारांचे मुकादम होते. सुरतेची जहाजबांधणी त्या काळी नावाजलेली होती. तिथले कारागीर फळ्या नुसत्या एकमेकींना चिकटवून ठेवत नसत. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला त्या खाचेत बसेल अशी जीभ काढत, मध्ये कापूस आणि राळेचं मिश्रण भरत आणि दोन्ही फळ्या एकमेकींत घट्ट बसवत. युरोपातून आलेल्या प्रवाशांनी या सांध्यांचं मोठ्या कौतुकाने वर्णन करून ठेवलं आहे. हे काम हाताने, करवत आणि पटाशीने करायचं, तेही जहाजाच्या गोलाईवर. मांडणीच्या चार फळ्यांत माझी जी त्रेधा उडाली ती आठवून मी तरी मनातल्या मनात हात जोडले.

ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवी होती. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा आंग्र्यांचा दरारा होता. कान्होजी १७२९ मध्ये गेले तरी त्यांच्या मुलांची गलबतं कंपनीच्या जहाजांना सुखाने जाऊ देत नव्हती. व्यापाराचं रक्षण करायचं तर जहाजं हवीत, ती बांधायला आणि दुरुस्त करायला जागा हवी, आणि मुख्य म्हणजे जाणकार माणूस हवा. सुरतेत जहाज बांधून घ्यायला आलेल्या डडली नावाच्या कंपनीच्या माणसाची नजर लवजींवर पडली. मुंबईला चला म्हणून त्याने गळ घातली. पण लवजींनी आपल्या मालकाची परवानगी मिळाल्याशिवाय पाऊल उचललं नाही. परवानगी मिळाली आणि १७३६ साली थोडे सुतार बरोबर घेऊन ते मुंबईला आले. आज नोकरी बदलताना नोटीस पीरियडवरून होणाऱ्या कुरबुरी पाहिल्या की हा किस्सा मला हमखास आठवतो.

१७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली, आशियातली अशा प्रकारची पहिली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि जहाजाचा तळ उघडा पाडून दुरुस्ती करायची. फोर्टात लायन गेटच्या आत आजही हा भाग नौदलाच्या गोदीत आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्या भिंतीवरून बसने गेले असतील, आत काय आहे याचा विचार न करता.

जमशेटजींचा जन्म १७५४ च्या सुमारासचा. आजोबा गोदीचे मुख्य, वडील बमनजी आणि काका माणकजी त्यांच्या हाताखाली. घरचीच गोदी म्हटल्यावर नातवंडं थेट गादीवर बसली असतील असं कुणालाही वाटेल. पण लवजींनी जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी या दोघांना साध्या सुतारासारखं, महिना १२ रुपये पगारावर कामाला लावलं. बाकीच्या सुतारांबरोबर करवत ओढायची, वाकसाने तासायचं, रंधा मारायचा. हुकूम सोडायचा तर आधी काम हाताला माहीत हवं, असा आजोबांचा हिशेब असावा. लवजी १७७४ मध्ये वारले.

इथे थोडं लाकडाबद्दल सांगायला हवं, कारण जमशेटजींचं पुढचं सगळं कर्तृत्व सागावर उभं आहे. इंग्लंडमध्ये युद्धनौका ओकच्या बांधत. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही कुजतं. सागात तेल असतं, ते खिळ्याला सांभाळून घेतं. साग वाळल्यावर फारसा आकसत नाही, फुगत नाही, त्याला कीड सहज लागत नाही. मलबारातून हा साग मुंबईला यायचा. पण सागाचा एक दुर्गुणही आहे. त्यात वाळूसारखे बारीक कण असतात, सिलिकाचे. त्याने करवतीची धार पाहता पाहता जाते. म्हणजे सागावर काम करणारा सुतार दिवसाचा बराच वेळ करवतीच्या दातांना कानस मारण्यात घालवतो.

यंत्राच्या करवतीचा तो काळ नव्हता. मोठा ओंडका उंचावर किंवा खड्ड्यावर आडवा ठेवायचा. एक माणूस वर उभा राहून रेघ सांभाळणार, दुसरा खालून करवत ओढणार, आणि सगळा भुसा त्याच्या डोळ्यातोंडात जाणार. एका युद्धनौकेसाठी अशा किती फळ्या लागत असतील याचा विचार करा! एका मोठ्या नौकेला दोनेक हजार ओकची झाडं लागतात असं इंग्लंडमध्ये म्हणत.

१७९२ मध्ये गोदीची मुख्य जबाबदारी फ्रामजी आणि जमशेटजी या दोघा चुलतभावांवर आली. नेमका तोच काळ युरोपात फ्रान्सशी युद्ध पेटण्याचा. ब्रिटनला जहाजं हवी होती आणि ओकची जंगलं कमी पडत होती. मुंबईत सागाची जहाजं बांधून घ्यावीत असं १८०२ च्या सुमारास तिथल्या नौदल खात्याने ठरवलं. पण एक अडचण होती. राजाच्या नौदलाची युद्धनौका एका हिंदी माणसाच्या हातात कशी द्यायची? तेव्हा इंग्लंडहून एखादा मुख्य बांधणीकार पाठवावा असा विचार चालला होता. मुंबईत काम पाहिलेल्या लोकांनी मात्र जमशेटजींची लायकी वरपर्यंत पोचवली आणि शेवटी काम त्यांच्याकडेच राहिलं. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रसंगाची चव वेगळी सांगायला नको. काम येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सही कुणाची असावी यावर मीटिंगा होतात.

१८०४ मध्ये कंपनीच्या संचालकांनी जमशेटजींना त्यांच्या दीर्घ आणि इमानी सेवेबद्दल चांदीची फूटपट्टी भेट दिली. दुसऱ्या कुणाला तलवार देतात, शाल देतात. सुताराला फूटपट्टी! मला हे बक्षीस फार आवडलं. त्याच वर्षी फ्रामजी वारले आणि सगळा भार एकट्या जमशेटजींवर आला.

१८०५ मध्ये त्यांनी बांधलेली पिट ही फ्रिगेट पाण्यात उतरली. पुढे तिचं नाव सालसेट झालं, आपली साष्टी. उन्हाच्या मुंबईत बांधलेली ही नौका १८०८-०९ च्या हिवाळ्यात बाल्टिक समुद्रातल्या बर्फात सापडली आणि तरीही शाबूत परत आली. ज्यांना शंका होती त्यांना उत्तर मिळालं.

मग आली खरी परीक्षा. ७४ तोफांची, रांगेत उभी राहून लढणारी मोठी युद्धनौका. अशी नौका ब्रिटनच्या बाहेर त्यांच्या नौदलासाठी आजवर कुणी बांधली नव्हती. तिच्यासाठी गोदीही मोठी हवी म्हणून १८०७ ते १८१० या काळात डंकन गोदी बांधली गेली. जमशेटजींनी नौका बांधली, तिचं नाव मिंडेन. १९ जून १८१० रोजी ती पाण्यात गेली. नकाशे लंडनहून येत. त्यावरून जमिनीवर पूर्ण मापाची आकृती आखायची, तिच्यावरून पातळ लाकडाचे साचे काढायचे, साचे ओंडक्यावर ठेवून खुणा करायच्या आणि मग करवत लावायची. खूण अर्धा सूत चुकली तर ती चूक पुढच्या प्रत्येक फासळीत वाढत जाणार. आमच्या धंद्यात चुकलं तर अनडू करता येतं. कापलेल्या लाकडाला अनडू नाही.

मिंडेननंतर रांगच लागली. १८१३ मध्ये कॉर्नवॉलिस, १८१५ मध्ये वेलस्ली, १८१७ मध्ये मेलव्हिल. आणि १८१७ मध्येच ट्रिंकोमाली.

या ट्रिंकोमालीची गोष्ट आम्हा आयटीवाल्यांनी तर जरूर लक्षात ठेवावी. तिचे नकाशे घेऊन निघालेलं जावा हे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने लढाईत निकामी केलं आणि नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. बॅकअप होता म्हणून प्रोजेक्ट वाचला, एवढंच. एप्रिल १८१६ मध्ये तिच्या कण्याचं लाकूड बसवलं गेलं, तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती समुद्रात उतरली.

ही तारीख वाचून मराठी माणसाने जरा थांबायला हवं. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. ज्या सत्तेसाठी जमशेटजी नौका बांधत होते तीच सत्ता आपल्याला गिळत होती. पुढे १८४२ मध्ये चीनला हाँगकाँग द्यायला लावणारा नानकिंगचा तह झाला, तोही कॉर्नवॉलिसच्याच डेकवर. तेव्हा ही गोष्ट नुसत्या अभिमानाने सांगून चालत नाही. हात आपले, लाकूड आपलं, आणि तोफांचं तोंडही पुष्कळदा आपल्यासारख्यांकडेच. जमशेटजींना याबद्दल काय वाटत होतं हे कागदपत्रांतून कळत नाही. पण त्यांच्या मनात काहीच सलत नव्हतं असंही म्हणता येत नाही. कारण एक किस्सा मागे उरला आहे.

कंपनीसाठी १८०० साली त्यांनी कॉर्नवॉलिस याच नावाची एक आधीची फ्रिगेट बांधली होती. वर उल्लेख आलेली मोठी कॉर्नवॉलिस वेगळी. असं सांगतात की ही जुनी नौका पुढे दुरुस्तीसाठी उघडली, तेव्हा आतल्या, एरवी कुणालाही न दिसणाऱ्या एका लाकडावर इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडली. हे जहाज एका हरामखोर काळ्या माणसाने १८०० साली बांधलं, असा त्याचा अर्थ. गोऱ्यांच्या तोंडची शिवीच त्यांनी स्वतःच्या नावाच्या जागी कोरून ठेवली होती. राग कुणाला दाखवला नाही, कामात कसूर केली नाही. लाकडाच्या पोटात तो जपून ठेवला आणि जहाज मात्र असं बांधलं की ते उघडायला वर्षं जावीत. चांदीच्या फूटपट्टीपेक्षा मला ही कोरलेली ओळ जास्त मोलाची वाटते.

मुंबईच्या जहाजांचं यश सगळ्यांनाच रुचलं असंही नाही. थेम्सकाठचे जहाज बांधणारे १८१४ च्या सुमारास संसदेत तक्रारी घेऊन गेले, की हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांमुळे आमच्या पोटावर पाय येतो. आउटसोर्सिंगवरचा वाद दोनशे वर्षं जुना आहे तर!

जमशेटजी ३१ ऑगस्ट १८२१ रोजी वारले. त्यांनी हाती घेतलेली गँजेस ही मोठी नौका त्याच वर्षी नोव्हेंबरात पाण्यात गेली, ती पाहायला ते राहिले नाहीत. मुलगा नवरोजीने काम पुढे चालवलं. वाडिया घराण्याकडे मुंबईच्या गोदीचं मुख्य बांधणीकारपद सुमारे दीडशे वर्षं राहिलं. याच घराण्यातले आर्देशीर करसेटजी वाफेच्या इंजिनांचे तज्ज्ञ झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी फेलो झाले.

आणि जहाजांचं काय झालं? मिंडेन हाँगकाँगला तरंगतं इस्पितळ झाली, आणि आजही तिथे चिम शा चुईत मिंडेन नावाचा रस्ता आहे. वेलस्ली थेम्समध्ये प्रशिक्षण नौका म्हणून उभी होती, ती १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाली. म्हणजे सव्वाशे वर्षांनी लाकूड कुजून नव्हे, तर बॉम्ब पडून. कॉर्नवॉलिस शीअरनेसला धक्का म्हणून वापरात होती, ती १९५७ मध्ये मोडली. आणि ट्रिंकोमाली अजून आहे! इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये ती पाण्यावर उभी आहे, युरोपातली अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका. तिचं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेटजींचं तैलचित्र आहे. त्यात त्यांच्याबरोबर ती चांदीची फूटपट्टीही दिसते आणि मागे खिडकीतून त्यांची नौका. इंग्लंडला सुट्टीत जाणाऱ्यांनी मादाम तुसाँच्या रांगेतला थोडा वेळ वाचवून हे दोन्ही जरूर पाहावं.

आता ठरल्याप्रमाणे सुतारमामांची शिकवण सांगतो, म्हणजे कुणाला हौस आली तर माझ्यासारखे पैसे वाया जायला नकोत. पहिली गोष्ट, एका करवतीत सगळं होत नाही. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, उभं कापायचं तर दात छोट्या पटाशीसारखे हवेत, ते लाकूड खरवडत जातात. रेषांना आडवं कापायचं तर दात सुरीच्या टोकासारखे हवेत, नाहीतर कडा फाटतात. दुसरं, सांध्याच्या कामाला पातळ पात्याची, पण पाठीवर पितळेची किंवा पोलादाची पट्टी बसवलेली करवत घ्यावी. पट्टीमुळे पातं डुलत नाही. दात बारीक हवेत, इंचाला १४-१६ तरी. जाड फळी उभी चिरायला मात्र इंचाला पाच-सहा दातच बरे. तिसरं, दात आळीपाळीने डावी-उजवीकडे झुकवलेले असतात, ते दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एका बाजूला जास्त असतील तर करवत त्या बाजूला पळणार, माझी पळाली तशी. डोळ्यासमोर आडवी धरून पाहिलं की लगेच कळतं. चौथं, पातं हाताने हलकं वाकवून सोडलं की पुन्हा सरळ व्हायला हवं. पाचवं, दातांची टोकं काळी-निळी केलेली असतील तर ती करवत कानस घेत नाही, बोथट झाली की फेकायची. कानस मारता येईल अशी करवत थोडी महाग पडते, पण नातवंडांपर्यंत टिकते. आणि शेवटचं, रेघेवर नाही, रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला कापायचं. रेघ शिल्लक राहिली पाहिजे.

मांडणी मी दुसऱ्यांदा केली. या वेळी सांध्यातून भिंत दिसत नाही, फार तर एखादी नोट सरकेल एवढी फट आहे. सुतारमामांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे पास. मागच्या फळीवर, भिंतीकडच्या बाजूला, मी पटाशीने साल आणि मुलीचं नाव कोरलं आहे. ते कुणाला दिसत नाही. कधी काळी मांडणी उघडली तरच दिसेल.

पुढच्या वेळी अल-बलदला गेलात की एखाद्या रोशनच्या सांध्याकडे जवळून बघा. तो कापणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याने रेघ शिल्लक ठेवली होती एवढं नक्की.